पुडीतली हवा

"मामा, हे ओरिजिनल ए का?" भाच्यानं सोनेरी पत्ता माझ्या नाकासमोर धरला. पत्त्यावर पोकेमॉनमधला आग ओकणारा चॅरिझार्ड, कोपऱ्यात शक्तीचा भलामोठा आकडा, आणि पत्ता पुठ्ठ्याचा नाही, चकचकीत प्लॅस्टिकचा. नगरच्या सावेडीत शाळा सुटताना स्टेशनरीच्या दुकानापुढे जी झुंबड उडते ती वह्यांसाठी नसते, या पुड्यांसाठी असते. ओरिजिनल नाही, असं मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग वीस रुपयाला कसा दिला?"

ओरिजिनल या शब्दाबद्दल इतका गोंधळ फक्त पाचवीतल्या पोरांचा नाही. जमवायच्या पत्त्यांचा एखादा नवा खेळ बाजारात आला की जगभर हाच शब्द तीन-तीन अर्थांनी फेकला जातो. हातातला पत्ता अस्सल की डुप्लिकेट? खेळ नवा की कुणाचा तरी उचललेला? आणि त्याची किंमत खरी की नुसती हवा? भांडणारे एका अर्थानं सुरुवात करतात आणि दुसऱ्या अर्थावर येऊन दमतात. या सगळ्या वादांवरून एकदा नजर फिरवावी म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगतो. खेळ नवा असल्यामुळे हवा होत नाही, पुडी बंद असल्यामुळे होते.

नगरला नादाची परंपरा जुनी आहे. निजामशाहीच्या छायेत वाढलेला इतिहासकार फरिश्ता लिहून गेलाय की, शहराचा संस्थापक मलिक अहमद याला एकट्या तलवारीच्या द्वंद्वाचा भारी शौक होता आणि राजाचं पाहून गावातली तरणी पोरं त्या नादाला लागली. जिकडेतिकडे तलवारीचे आखाडे, रोजची द्वंद्वं, त्यात जाणारे जीव, आणि मग ही फॅशन दख्खनभर पसरली. राजाला आवडतं म्हणून प्रजेला आवडतं, शेजारी करतो म्हणून आपण करायचं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हवा अशी व्हायची. आता राजाच्या जागी यूट्यूबवर पुड्या फोडणारा माणूस आलाय, एवढाच फरक.

आमच्या पिढीनंही कमी केलं नाही. आधी काडेपेटीचे छाप जमवले. मग बिग फनच्या च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं आली, त्यांवर धावा आणि विकेटी. चघळून तोंड दुखलं तरी शंभर धावा पुऱ्या होईनात. नव्वदच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते आले: रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढल्या, किती जिंकल्या. वजनाला योकोझुना, उंचीला जायंट गोन्झालेस, हे ज्याच्याकडे तो वर्गाचा सावकार. पुढे चिप्स आणि चीटोजच्या पाकिटांतून टाझो निघू लागले. त्यातले कुठले परवाना घेऊन छापलेले आणि कुठले गल्लीतल्या छापखान्यातले, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. अंडरटेकरचा पत्ता हातात असणं पुरेसं होतं.

डब्ल्यूडब्ल्यूएफचा संच मात्र उघडा मिळायचा. सगळे पत्ते एकाच डबीत. आजच्या खेळांची गंमत, आणि ग्यानबाची मेख, अशी की आत काय आहे हे पैसे मोजल्याशिवाय कळत नाही. मराठीत याला जुना आणि अचूक शब्द आहे: सोरट. मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेत नाहीतर मोहट्याच्या देवीला गेल्यावर ज्यानं चिठ्ठ्या चिकटवलेल्या पाटीवरची एक चिठ्ठी फाडून कंगवा जिंकला आणि मनातून स्टीलचा डबा मागितला, त्याला बंद पुडीचं सगळं अर्थशास्त्र ठाऊक आहे. सोरटवाल्याचा डबा सगळ्यांना दिसेल असा वर टांगलेला असतो. पत्त्यांच्या धंद्यात तो टांगलेला डबा म्हणजे दुर्मीळ पत्ता.

सोरटाला खेळाची जोड देण्याचं श्रेय रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाला दिलं जातं. विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही छोटी कंपनी चालवणाऱ्या पीटर ॲडकिसननं त्याच्याकडे झटपट संपणारा, पिशवीत मावणारा, खेळाडूंच्या संमेलनांत रांगेत उभं राहूनही खेळता येईल असा खेळ मागितला होता. त्यातून १९९३ च्या ऑगस्टमध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग' आला. पहिली छपाई सुमारे २६ लाख पत्त्यांची होती आणि ती काही आठवड्यांतच संपली. कल्पना साधी होती: दोघांनी खेळायचं, पण प्रत्येकानं आपला जोड घरून बांधून आणायचा, आणि त्यातले पत्ते पुड्यांतून मिळवायचे. खेळण्यासाठी जमवायचं की जमवण्यासाठी खेळायचं, हे तेव्हापासून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. तीन वर्षांनी जपानात पोकेमॉनचे पत्ते आले. आजवर छापलेल्या पोकेमॉन पत्त्यांची संख्या ७५ अब्जांच्या वर गेली आहे. माणसामागे नऊ पत्ते येतात. तरीही प्रत्येक नवा संच 'मिळत नाही' म्हणून गाजतो.

हे कसं, ते नगर जिल्ह्यातल्या कांदेवाल्याला पटकन समजेल. नेप्तीला किंवा घोडेगावला लिलावात भाव कडाडला की पुढच्या हंगामात जो तो कांदा लावतो आणि मग तोच कांदा रस्त्यावर ओतायची वेळ येते. अमेरिकेतल्या बेसबॉल पत्त्यांचं हुबेहूब हेच झालं. जुने पत्ते लाखांत विकले जातात म्हटल्यावर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कंपन्यांनी बेसुमार छापलं, लोकांनी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून खोकीच्या खोकी माळ्यावर ठेवली, आणि आज ते खोकं रद्दीवालाही नाक मुरडत घेतो. याउलट टॉप्स कंपनीनं १९५२ चे न खपलेले पत्ते १९६० मध्ये चक्क पडावात भरून अटलांटिकमध्ये बुडवले. ते काम ज्याच्या देखरेखीखाली झालं, त्या साय बर्गरनंच पुढे ही हकिगत सांगितली. त्याच १९५२ च्या संचातला बेसबॉलपटू मिकी मँटलचा एक पत्ता २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. ओतलेल्या मालानं उरलेल्याचा भाव केला. पण शेतकऱ्याच्या हातात टंचाई नसते, ती पाऊस आणि सरकार ठरवतं. पत्त्यांची टंचाई छापणारा स्वतः ठरवतो. इथे माझी उपमा तुटते आणि धंदा सुरू होतो.

मॅजिकवाल्यांनी हे ठरवणं लेखी करून टाकलं. १९९५ मध्ये त्यांनी जुने पत्ते पुन्हा छापले, तसे आधी महागात घेतलेले संग्राहक खवळले. १९९६ मध्ये कंपनीनं एक यादीच जाहीर केली: हे पत्ते पुन्हा कधीही छापणार नाही. ती यादी आजही पाळली जाते. म्हणजे खेळणाऱ्याला पत्ता हवा, छापायला कागद आहे, शाई आहे, यंत्र आहे, आणि तरी न छापण्याचं वचन हाच माल.

मग २०२२ मध्ये त्याच कंपनीनं तिसाव्या वाढदिवसाचा संच काढला. त्यात याच जुन्या पत्त्यांच्या प्रती, मागची बाजू वेगळी, अधिकृत स्पर्धेत चालणार नाहीत अशा. चार पुड्यांना ९९९ डॉलर. कंपनीनं स्वतःच्याच पत्त्याची स्वतःच काढलेली नक्कल! खेळाडूंनी आकांडतांडव केलं, आणि ते रास्तच होतं. घरच्या प्रिंटरवर छापला तर डुप्लिकेट, त्यांनी छापला तर हजार डॉलर, आणि दोन्हींनी स्पर्धा खेळता येत नाही. अस्सलपणा कागदात नसतो, छापणाऱ्याच्या सहीत असतो, हे इतक्या उघडपणे कुणी दाखवलं नव्हतं.

डुप्लिकेट ओळखायच्या खुणा आता पोरांनाही पाठ आहेत. अस्सल पत्त्याच्या पुठ्ठ्यात मधोमध गडद थर असतो, त्यामुळे तो उजेडासमोर धरला की प्रकाश कमी आरपार येतो. नकलेत अक्षरं जाड-बारीक होतात, पाठीचा निळा रंग फिकट पडतो, आणि शक्तीचा आकडा कसाही वाढवून छापलेला असतो. सोनेरी प्लॅस्टिक तर जवळपास हमखास डुप्लिकेट. मीही एकदा भाच्याच्या वाढदिवसाला 'शंभर टक्के ओरिजिनल' असा डबा ऑनलाइन मागवला. तो फोडल्यावर तेच सोनेरी प्लॅस्टिक निघालं, फक्त आठपट किमतीचं. परत करायला गेलो तर उत्तर आलं की सील फोडल्यावर माल परत घेत नाही. फोडल्याशिवाय कळणार कसं, याला उत्तर नव्हतं.

माझी फसवणूक शेकड्यांतली. लोगन पॉल या अमेरिकन यूट्यूबरनं पोकेमॉनच्या पहिल्या आवृत्तीच्या न फोडलेल्या पेट्या ३५ लाख डॉलरला घेतल्या. तज्ज्ञांनी त्या खऱ्या असल्याचं सांगितलं होतं. शंका आल्यावर २०२२ च्या जानेवारीत कॅमेऱ्यासमोर फोडल्या, तर आत जी. आय. जो या दुसऱ्याच मालिकेचे पत्ते. फोडल्या नसत्या तर त्या पेट्या आजही ३५ लाखांच्याच राहिल्या असत्या, हा विचार मला जास्त अस्वस्थ करतो. याच माणसानं त्याआधी पिकाचूचा एक दुर्मीळ पत्ता ५२ लाख ७५ हजार डॉलरला घेतला होता आणि पुढे तो गळ्यात घालून कुस्तीच्या रिंगणात उतरला. करोनाच्या काळात अमेरिकेत पत्त्यांसाठी दुकानांच्या दारात मारामाऱ्या झाल्या. टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीनं २०२१ मध्ये काही काळ दुकानांत पत्ते विकणंच बंद केलं. २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयालाही फुकट वाटायचा पिकाचूचा पत्ता गर्दीपायी थांबवावा लागला. व्हॅन गॉगला हयातीत एवढी गर्दी मिळाली असती तर बरं झालं असतं.

आता दुसरा वाद, चोरीचा. नवा पत्त्यांचा खेळ जाहीर झाला की आठवड्याच्या आत कुणीतरी म्हणतं, हा तर मॅजिकच, फक्त चित्रं बदललीत. बहुतेक वेळा ते अर्धं खरं असतं. पण मॅजिक तरी कोरा कुठे होता? प्रत्येक खेळाडूला नियम मोडायची वेगळी ताकद द्यायची, ही युक्ती गारफील्डनं १९७७ च्या 'कॉस्मिक एन्काउंटर' या पटावरच्या खेळातून घेतल्याचं तो मोकळेपणानं सांगतो. आणि खेळाडूंचे गुण छापलेले बेसबॉलचे जमवायचे पत्ते घेऊन खेळायचा खेळ तर १९०४ मध्येच अमेरिकेत नोंदवला गेला होता.

तरीही विझार्ड्सनं १९९७ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवलं. त्यातली ठळक गोष्ट म्हणजे वापरलेला पत्ता आडवा फिरवून ठेवायची रीत, ज्याला मॅजिकमध्ये 'टॅप' म्हणतात. परिणाम मजेदार झाला. पुढचे खेळ पत्ता आडवा फिरवायचेच, पण तो शब्द टाळायचे. कुठे पत्ता 'झुकतो', कुठे 'दमतो', कुठे 'गुडघे टेकतो'. कृती तीच, क्रियापद नवं. २०१४ मध्ये विझार्ड्सनं 'हेक्स' या ऑनलाइन खेळावर मॅजिकची नक्कल केल्याचा दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि न्यायालयाचा निवाडा असा आलाच नाही. २०२३ मध्ये डिस्नेची पात्रं असलेला 'लोरकाना' येणार म्हणून दुकानांपुढे रांगा लागण्याच्या तयारीत होत्या, तेव्हा अपर डेक कंपनीनं दावा ठोकला. आमच्यासाठी खेळ रचत असलेला माणूस तिकडे गेला आणि आमचाच खेळ त्यानं तिकडे दिला, असा आरोप होता. खेळ ऑगस्टमध्ये ठरल्याप्रमाणे आला, आणि रांगेतल्या एकाही माणसानं दाव्याची प्रत वाचली असेल असं मला वाटत नाही. खटल्यानं हवा कमी होत नाही, उलट चढते.

नियमांची चोरी होते का, याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर टेक्सासमधल्या एका निकालात आहे. इटलीचा 'बँग!' हा काउबॉयचा खेळ आणि चीनचा तीन राज्यांच्या युद्धावरचा खेळ यांचे नियम जवळजवळ सारखे, चित्रं आणि कथा पूर्ण वेगळ्या. २०१६ मध्ये न्यायालयानं चिनी खेळाच्या बाजूनं कौल दिला: नियमांवर कुणाचा कॉपीराइट नाही. आपल्याकडे हे आणखी स्पष्ट आहे. आर. जी. आनंद यांच्या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट उचलला का, या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सांगितलं की कल्पना कुणाच्या मालकीची नसते, तिची मांडणी असते. आणि १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(एम) मध्ये खेळ खेळण्याची पद्धत हा शोधच नाही, असं लिहिलेलं आहे. कोलकात्याच्या दोन भावांनी इंटरनेटवर 'स्क्रॅब्युलस' काढला तेव्हा मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २००८ मध्ये न्यायालयानं खेळाचे नियम मोकळे ठेवले, पण नाव मात्र वापरू दिलं नाही. म्हणजे स्क्रॅबलसारखं खेळा, स्क्रॅबलसारखं नाव घेऊ नका. मला हा निवाडा आवडतो. आपल्या रोजच्या व्यवहारातला न्यायही असाच आहे. शेजारणीसारखी भाकरी थापायला हरकत नाही, तिच्या नावानं खाणावळ काढू नये.

पत्त्यांवरच्या माणसांचं काय, हा प्रश्न नगरला खरं तर जवळचा आहे. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे यांचे चेहरे कितीतरी पत्त्यांवर छापले गेले आहेत. क्रिकेटचे डिजिटल पत्ते विकणाऱ्या 'रारिओ'नं काही खेळाडूंशी करार केले होते. 'स्ट्रायकर' या दुसऱ्या खेळानं करार न करता खेळाडूंची चित्रं काढून वापरली. २०२३ च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं स्ट्रायकरला अंतरिम मनाई करायला नकार दिला. खेळाडूचं नाव आणि त्याची आकडेवारी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे, आणि चित्रकारानं काढलेलं चित्र हे फोटोची चोरी नाही, असा एकूण सूर होता. आमच्या लहानपणी वहीच्या शेवटच्या पानावर कपिल काढणारा पोरगा कायद्यानं निर्दोष होता, हे इतक्या उशिरा कळलं.

या सगळ्या गदारोळात आपल्याच घरातले पत्ते कुणाला आठवत नाहीत. सावंतवाडीचा गंजिफा. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारात बारा रंगांचा १४४ पानांचा संच होता. दख्खनेत आणि कोकणात त्याचा दशावतारी झाला: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा, मिळून १२० गोल पानं. अर्ध्या रंगांत दहा मोठा, अर्ध्यांत एक्का. दिवसा डाव रामानं सुरू करायचा, रात्री कृष्णानं. कागद-कापडाचे थर, चिंचोक्याची खळ, वर लाखेचा लेप. मत्स्य ते कल्की सगळ्यांचे तेच, ओडिशात नवव्या जागी जगन्नाथ येतो, पण 'तुम्ही आमचा वराह चोरला' असं एका चिताऱ्यानं दुसऱ्याला म्हणण्यात अर्थच नव्हता. किंमत नवेपणाची नव्हती, हाताची होती.

युरोपी पत्त्यांनी गंजिफाला गिळलं. खेळणारे गेले, रंगवणारे उरले थोडे. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चिताऱ्यांना बसवून ही कला परत उभी केली. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं. नव्या खेळांच्या कायद्याचं हे उलटं टोक आहे. तिथे नवं काय आहे ते सिद्ध करावं लागतं, इथे काहीच बदललेलं नाही हे. पण गंजिफाही आता फारसा खेळला जात नाही, चौकटीत लावला जातो. न फोडलेल्या पुडीची आणि भिंतीवरच्या गंजिफाची अवस्था शेवटी सारखीच, हे म्हणताना जीभ जरा अडखळते. एकात कारागिराचं पोट आहे, दुसऱ्यात सटोडियाचं.

भाच्याकडे परत येतो. त्याला पोकेमॉनचे खरे नियम माहीत नाहीत. ऊर्जेचे पत्ते कशाला असतात, बक्षिसाचे सहा पत्ते बाजूला का ठेवायचे, याच्याशी त्याच्या गल्लीला देणंघेणं नाही. ते पत्ता उलटा धरतात, शक्तीचा आकडा ओरडतात, मोठा आकडावाला दोन्ही नेतो. म्हणजे माझ्याच डब्ल्यूडब्ल्यूएफच्या वेळचा खेळ, जपानी चित्रांवर नगरी पोरांनी चढवलेला. म्हणूनच डुप्लिकेटवाले आकडा फुगवून छापतात. त्यांनी आपलं गिऱ्हाईक बरोबर ओळखलंय. या सगळ्या आढाव्यात खेळात खरोखर कुणी काही नवं केलं असेल तर ते या पोरांनी, आणि त्यावर दावा सांगायला कुणी येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुड्यांचे पैसे बंद झाल्यावर त्यानं स्वतःचेच पत्ते काढले. जुन्या लग्नपत्रिका कापून, मागच्या कोऱ्या बाजूवर. रहाणे: धावा, झेल, शांतपणा. कांदा: वजन, भाव, टिकाऊपणा, भाव शून्य ते शंभर, ज्याचा त्यानं ठरवायचा. चांदबिबी: शौर्य शंभर. शाळा सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी तो तणतणत घरी आला. वर्गातल्या एकानं तस्सेच पत्ते केले होते, वर चमकीच्या पेननं बॉर्डर, आणि दोन रुपयाला एक विकत होता.

"त्यानं माझा खेळ चोरला."

"तू कुठून घेतलास?"

तो गप्प बसला. दप्तरातून आपली चांदबिबी काढून त्यानं टेबलावर ठेवली, मग त्या मुलाकडून दोन रुपये देऊन आणलेली तिच्या शेजारी ठेवली, आणि दोन्ही आळीपाळीनं ट्यूबलाइटसमोर धरून बघू लागला. एकीच्या आरपार मंगल कार्यालयाचं नाव उलटं दिसत होतं.

"त्याच्या चांदबिबीला तलवारच नाही," तो म्हणाला.